बोर्डोसाठी मोरचूद आणि चुना: कुठला माल घ्यावा आणि नेमका किती ग्रॅम

कृषी सेवा केंद्रात बोर्डो मिश्रणासाठी (मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेले बुरशीनाशक) माल मागितला की समोर तीन प्रकारच्या वस्तू येतात: मोरचुदाचे एक किलोचे पाकीट, कळीचा चुना किंवा चुन्याच्या भुकटीची पिशवी, आणि हल्ली मोरचूद व चुना एकत्र बांधलेली जोडपुडी. सोबत तोंडी सूचना मिळते, "एकास एक, शंभर लिटर पाण्यात." द्राक्षावरच्या केवड्यापासून सुपारीच्या कोळे रोगापर्यंत आणि डाळिंबाच्या तेल्यापासून संत्र्याच्या डिंक्यापर्यंत सगळीकडे हेच प्रमाण चालते. ते चुकीचे नाही. पण त्यातला चुन्याचा एक किलो रासायनिक हिशोबातून आलेला नाही, चुना खराब निघेल या भीतीतून आला आहे. म्हणून इथे मालाची पारख त्या हिशोबावरच केली आहे. कुठल्याही कंपनीचे नाव घेतलेले नाही, कारण चुन्याची प्रत कंपनीपेक्षा तो किती दिवस उघड्यावर पडला होता यावर जास्त ठरते.

आधी हिशोब, कारण त्याशिवाय पारख करता येत नाही.

मोरचूद म्हणजे पाच रेणू पाणी धरलेले कॉपर सल्फेट. त्याच्या एका मोलचे (मोल हे रेणू मोजण्याचे रसायनशास्त्रातले एकक) वजन २४९.७ ग्रॅम. म्हणजे एक किलो मोरचुदात जवळजवळ बरोबर ४ मोल. हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे आणि पुढचे सगळे त्यावर उभे आहे. विरवलेला (पाणी पाजलेला) चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, एका मोलला ७४ ग्रॅम. कळीचा (न विरवलेला) चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मोलला ५६ ग्रॅम. सगळे तांबे साध्या हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसवायचे तर मोलाला मोल लागतो: ४ मोल विरवलेला चुना, म्हणजे २९६ ग्रॅम. कळीचा असेल तर २२४ ग्रॅम.

प्रत्यक्षात इतकाही लागत नाही. सामू (pH) ७ च्या आसपास जो निळा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, तयार होतो तो बहुतांशी बेसिक (आम्लारीधर्मी) कॉपर सल्फेटचा असतो. त्यात तांब्याच्या चार अणूंमागे सहा हायड्रॉक्सिल आणि एक सल्फेट. हायड्रॉक्सिलचे दोन नग चुन्याच्या एका रेणूतून मिळतात, म्हणून चार मोल तांब्याला तीन मोल चुना पुरतो. तीन गुणिले ७४, म्हणजे २२२ ग्रॅम. कळीचा चुना धरला तर १६८ ग्रॅम.

एक किलो मोरचुदाला २२२ ग्रॅम शुद्ध, जिवंत (हवेने चुनखडी न झालेला) चुना. मोलाला मोल धरले तरी २९६. आणि आपण टाकतो एक किलो. उलटा भागाकार करून पाहा: एक किलो चुन्यात जेमतेम ३० टक्के चुना जिवंत असला तरी मोलाला मोल प्रमाण पूर्ण होते. "एकास एक" हे प्रमाण इतकी वर्षे टिकले ते यामुळे. फ्रान्समधल्या बोर्डो शहराजवळच्या द्राक्षबागांमध्ये हे मिश्रण रुजवणारे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी १८८५ मध्ये दिलेली मूळ कृती तर याहून पुढची होती: १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद, आणि ३० लिटर पाण्यात विरवलेला १५ किलो कळीचा चुना. मोलांत मांडले तर ३२ मोल तांब्याला सुमारे २६८ मोल चुना, आठपटीहून जास्त. पुढे तो कमी होत एकास एकवर आला. बंद पिशवीतला चांगला चुना मिळत असेल तर तो आणखी खाली आणायला हरकत नाही.

आता माल.

मोरचूद

याबद्दल फार चिंता करण्याचे कारण नाही. शुद्ध मोरचुदात तांबे २५.४५ टक्के असते. पाकिटावर २४ टक्के लिहिले असेल तर शुद्धता सुमारे ९४ टक्के, म्हणजे किलोमागे ४ ऐवजी ३.७८ मोल. चुन्याचा हिशोब २२२ वरून २१० ग्रॅमवर येतो. बारा ग्रॅमचा फरक, जो साध्या तराजूच्या चुकीतच बुडून जातो.

स्फटिक ठळक निळे, कोरडे आणि काचेसारखे स्वच्छ असावेत. वरून पांढुरकी भुकटी धरलेले मोरचूद पुष्कळजण जुने म्हणून परत करतात. ते वाया गेलेले नसते. कोरड्या हवेत स्फटिकातले पाणी उडाले की रंग फिका होतो, तांबे तसेच राहते. उलट पाचातले दोन रेणू पाणी उडालेल्या मालात किलोमागे तांबे १७ टक्के जास्त भरते. अडचण वजनाची येते: नेहमीइतकेच तोलले तर द्रावण ठरवल्यापेक्षा तीव्र होते. दमट, हाताला चिकटणाऱ्या मोरचुदात याच्या उलट घडते, पाण्याचे पैसे आपण देतो.

खरा संशय घ्यावा तो हिरवट झाकेचा. हिराकस (लोखंडाचे सल्फेट) मिसळलेले मोरचूद निळ्याऐवजी निळसर हिरवे दिसते. चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवून त्यात अमोनियाचे पाणी घालत जावे. आधी फिका निळा साका येतो, आणखी घातल्यावर तो पूर्ण विरघळून गडद, स्वच्छ निळे द्रावण होते. तळाशी मळकट हिरवा किंवा तांबूस गाळ राहिला तर त्यात लोखंड आहे. असा माल घेऊ नये, कारण हिराकसही चुना खातो आणि आपला हिशोब चुकवतो.

मोठे खडे की भुकटी? प्रत सारखी असेल तर खडे घ्यावेत. भुकटीत भेसळ लपते, खड्यात नाही. खडे विरघळायला वेळ लागतो एवढाच तोटा, आणि त्यावर जुना उपाय आहे: रात्री फडक्यात बांधून पिंपाच्या वरच्या पाण्यात टांगून ठेवावेत. तांब्याचे जड पाणी आपोआप खाली उतरते आणि खड्यांना सतत ताजे पाणी मिळते. तळाशी टाकून ठेवलेले खडे आपल्याच दाट द्रावणात बुडून राहतात आणि सकाळी तसेच सापडतात.

चुना

सगळा गोंधळ इथे आहे. मोरचुदाच्या दोन पाकिटांत पाच टक्क्यांचा फरक पडत असेल, तर चुन्याच्या दोन पिशव्यांत तिपटीचा पडू शकतो.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतो आणि पुन्हा चुनखडी होतो. रंग पांढराच, भुकटीही तशीच, वजन मात्र वाढते: ७४ ग्रॅम चुन्याची १०० ग्रॅम चुनखडी. म्हणजे पिशवी मरत असताना जड होत जाते. चुनखडी मोरचुदाशी अजिबात क्रिया करत नाही असे नाही, पण ती इतकी सावकाश होते की फवारणीच्या वेळेत तिचा भरवसा धरता येत नाही. ढवळताना फेस आणि बुडबुडे दिसले तर चुना बराच मेलेला आहे असे समजावे.

दुकानात मिळणाऱ्या प्रकारांविषयी आमचे मत असे.

कळीचा चुना, म्हणजे भट्टीतले ढेकूळ, ताजा असेल तर यासारखा माल नाही. वजनाला सर्वांत जास्त ताकद यातच असते: एक किलो शुद्ध कळीच्या चुन्यापासून १.३२ किलो विरवलेला चुना होतो. कडक, वजनाला हलकी, आपटल्यावर खणखणणारी ढेकळे निवडावीत. कडांना भुगा सुटलेली, हाताने चुरगळणारी ढेकळे हवेतच विरून गेलेली असतात. पोत्याच्या तळाचा चुरा तर घेऊच नये. मात्र विरवण्याचे काम काळजीचे आहे आणि डोळ्यांना धोक्याचे.

बंद पिशवीतली विरवलेल्या चुन्याची भुकटी बहुतेकांना हीच सुचवावी लागेल. ती तोलायला, गाळायला आणि दरवेळी सारखा हिशोब करायला सोपी. अट एकच, पिशवी आतून प्लॅस्टिकची आणि तोंड चिकटवलेले हवे. नुसत्या कागदी किंवा विणलेल्या पोत्यातली भुकटी एका पावसाळ्यात निम्मी मरते असे धरूनच वापरावी. पिशवी उघडली की उरलेला चुना झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवावा, अर्धी रिकामी बरणी नको.

पानाला लावायचा ओला चुना पाण्याखाली राहिल्याने जिवंत असतो, पण त्यात पाणी किती हे कळत नाही. पुढे दिलेली चाचणी केल्याशिवाय त्याचे वजन निरर्थक. कोकणात आणि गोव्यात शिंपल्यांचा चुना मिळतो. नीट भाजलेला असेल तर तो उत्तम, पण कच्चा राहिलेला शिंपला ढेकळाच्या पोटात तसाच निघतो, म्हणून तो विरवल्यावर गाळणे आवश्यक.

जमीन सुधारण्यासाठी विकला जाणारा शेती चुना मात्र इथे चालत नाही. ती दळलेली चुनखडी असते. आम्लधर्मी जमिनीत ती हळूहळू काम करते, पिंपात करत नाही. दुकानात नुसते "चुना द्या" म्हटले की कधीकधी हीच पिशवी हातात पडते, आणि मग पानांवर डाग पडले की दोष मोरचुदाला जातो.

चुना किती जिवंत आहे हे घरी कसे पाहावे

कळीच्या चुन्यासाठी एक थर्मामीटर पुरतो, पण ताप मोजायचा नव्हे. १०० अंशांपर्यंत जाणारा हवा. थर्माकोलच्या जाड भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्यावे, तापमान टिपावे, त्यात ५० ग्रॅम कुटलेला चुना टाकून लाकडी काडीने ढवळत राहावे आणि सर्वांत वरचा आकडा नोंदवावा. चुना विरताना मोलामागे सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता निघते. ५० ग्रॅममध्ये ०.८९ मोल, म्हणजे ५८ किलोज्यूल, आणि एवढ्या उष्णतेने हे पाणी २७ ते २८ अंश चढते. भांड्यातून थोडी उष्णता निसटते, म्हणून २५ अंश चढले तरी चुना पहिल्या प्रतीचा. १३ अंशच चढले तर निम्मा मेलेला. पाच अंशांवर थांबले तर ती पांढरी माती समजून बाजूला ठेवावी. अगदी कडक भाजलेला चुना उशिरा तापतो, तेव्हा निकाल देण्याआधी वीस मिनिटे थांबावे.

विरवलेल्या भुकटीला ही चाचणी लागू नाही, तिची उष्णता आधीच निघून गेलेली असते. तिच्यावर शिर्क्याचे थेंब टाकावेत. सळसळ फेस आला तर चुनखडी भरपूर. पण किती टक्के हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढची पद्धत, आणि या लेखातली हीच सर्वांत उपयोगाची. सुटा चुना असो की जोडपुडीतला, सगळ्याला चालते. कळीचा चुना आधी विरवून घ्यावा.

लागणारी साधने: ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, सुई काढलेली १० मिलीलिटरची सिरिंज, सामू पट्ट्या आणि दोन प्लॅस्टिकची भांडी.

१० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या भांड्यात १० ग्रॅम चुना घेऊन पाणी घालत एकूण १०० मिलीलिटर करावे. १०० मिलीलिटर पाण्यात १० ग्रॅम टाकणे वेगळे, एकूण १०० करणे वेगळे. आता हे चुन्याचे पांढरे पाणी सिरिंजने मोरचुदाच्या पाण्यात सोडत जावे. दरवेळी सिरिंज भरण्याआधी चुना ढवळायला विसरू नये, नाहीतर वरचे पातळ पाणी ओढले जाते आणि आकडा फुगतो. पहिले १५ मिलीलिटर निःशंक सोडावे. त्यानंतर २ मिलीलिटर, एक मिनिट ढवळणे, सामू पाहणे.

सुरुवातीला सामू जागचा हलत नाही. चार-साडेचारवरून पाच-साडेपाचपर्यंत तो रेंगाळत राहतो, कारण येणारा चुना तांबे साक्यात बसवण्यात खर्ची पडत असतो. पट्टी बिघडली असे वाटू लागते. मग शेवटच्या काही थेंबांत तो एकदम उडी मारून ७ च्या वर जातो. या टप्प्यावर १ मिलीलिटरने सोडावे. सामू ७ ते ८ मध्ये आल्यावर पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहावा. खाली घसरला तर आणखी एक मिलीलिटर.

किती मिलीलिटर लागले त्याला दहाने गुणले की एक किलो मोरचुदाला किती ग्रॅम चुना लागेल ते मिळते. चुना अगदी शुद्ध असेल तर २२ मिलीलिटर, म्हणजे २२० ग्रॅम. ३५ लागले तर ३५० ग्रॅम, आणि चुना ६३ टक्के जिवंत (२२२ भागिले ३५०). ६० लागले तर ६०० ग्रॅम, ३७ टक्के. पूर्ण १०० मिलीलिटर संपूनही सामू ७ वर आला नाही, तर त्या चुन्याने एकास एक करूनही मिश्रण सुरक्षित होणार नाही.

मोरचुदाची शुद्धता या चाचणीत आपोआप धरली जाते. कोष्टक, टक्केवारी काही लागत नाही. सगळी अनिश्चितता एका मिलीलिटरच्या आकड्यात येते.

एक सावधगिरी: साका निळा असल्याने पट्टीचा रंग झाकला जातो. गाळ थोडा खाली बसू द्यावा आणि वरच्या पाण्याचा थेंब काडीने पट्टीवर ठेवावा. खिशातला डिजिटल सामूमापक वापरणार असाल तर तो आधी सामू ४ आणि ७ च्या बफरवर (ठरावीक सामूच्या तयार द्रावणावर) लावून घ्यावा, आणि नंतर शिर्क्याच्या पातळ पाण्यात बुडवून काढावा. काचेच्या टोकावर चुना-तांब्याचा थर बसला की मापक खोटे आकडे दाखवू लागतो. आमच्या मते या कामाला १ ते १४ च्या साध्या पट्ट्या पुरेशा आहेत. शेवटची उडी इतकी मोठी असते की दशांशाची गरज पडत नाही.

ज्यांना शाळा-कॉलेजची प्रयोगशाळा जवळ आहे त्यांनी १ ग्रॅम चुना साखरेच्या दाट पाण्यात ढवळून, फिनॉल्फ्थॅलीन घालून, १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने मोजावा. साखर जिवंत चुन्याला विरघळवून घेते आणि चुनखडीला मागे ठेवते. शुद्ध चुन्याला २७ मिलीलिटर आम्ल लागते. २० लागले तर ७४ टक्के.

भाव

चुन्याचा भाव किलोवर विचारायचा नाही, जिवंत किलोवर विचारायचा. समजा सुटा चुना २० रुपये किलो आहे आणि ३५ टक्के जिवंत निघाला, तर जिवंत किलो ५७ रुपयांना पडला. बंद पिशवीतला ४० रुपयांचा ८५ टक्के निघाला, तर तो ४७ रुपयांना. दुप्पट भावाची पिशवी स्वस्त. शिवाय सुट्याबरोबर आलेली चुनखडी गाळणीत अडकते, नोझलमध्ये अडकते आणि पंपाची वॉशर घासते, त्याचा खर्च या हिशोबात धरलेलाच नाही.

जोडपुडी

मोरचूद आणि चुना एकत्र मिळणारी पाकिटे ज्यांना तोलणे जमत नाही किंवा मजुरांवर काम सोडावे लागते त्यांच्यासाठी चांगली. चुना सीलबंद असल्याने बहुधा जिवंत असतो. पण घेताना चुन्याच्या पुडीचे वजन वाचावे. मोरचुदाच्या एक तृतीयांश ते निम्म्या वजनाची पुडी असेल तर बनवणाऱ्याने मोलांचा विचार केलेला आहे असे समजावे. निम्मे पाकीट वापरायचे असेल तर दोन्ही पुड्या तोलूनच अर्ध्या कराव्यात. चुन्याची भुकटी दाबली की निम्म्या मापात बसते, तिथे डबा किंवा वाटी फसवते. उघडी पुडी पुढच्या फवारणीला ठेवायची तर १० ग्रॅमची चाचणी पुन्हा करावी.

चुना कमी पडला तर, आणि जास्त झाला तर

दोन्ही बाजूंनी नुकसान आहे, फक्त एक लगेच दिसते आणि दुसरे दिसत नाही.

कमी पडल्याचा हिशोब असा. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, पण चुना १५ टक्केच जिवंत. म्हणजे १५० ग्रॅम, २ मोल. तीन मोल चुना चार मोल तांबे बसवतो, तर दोन मोल चुना २.७ मोल बसवील. उरलेले १.३ मोल तांबे पाण्यात मोकळे, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम मोरचूद शंभर लिटरमध्ये नुसतेच विरघळलेले. कोवळी पाने करपतात ती या मोकळ्या तांब्याने. मिश्रण निळे आणि दाट दिसते, डोळ्याला काहीच वावगे वाटत नाही.

लोखंडाची चाचणी इथे कामाला येते. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते मिनिटभर बुडवावे. तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे, चुना हवा. न गंजणाऱ्या स्टीलची सुरी मात्र वापरू नये. तिच्यावर तांबे चढतच नाही आणि धोक्याचे मिश्रण पास होते. जस्ताचा मुलामा दिलेला खिळाही नको, तो काळा पडून गोंधळ घालतो. ही चाचणी चुना कमी आहे का एवढेच सांगते. जास्त झाला का, हे फक्त सामू सांगतो.

जास्त झाल्याचा हिशोब: ९० टक्के जिवंत चुना एक किलो टाकला तर १२ मोल, लागतात तीन ते चार. मोलाला मोल धरून २९६ ग्रॅम वजा केले तरी सहाशे ग्रॅम उरला. लिटरमागे १.७ ग्रॅमच विरघळतो, म्हणजे १०० लिटरमध्ये १७० ग्रॅम; बाकी चारशेहून जास्त ग्रॅम नुसता तरंगतो. त्यात क्रियेतून तयार होणारा पाचशे ते सातशे ग्रॅम जिप्सम, जो शंभर लिटरमध्ये अडीचशे ग्रॅमच्या आसपासच विरघळतो. नोझल का तुंबतो याचे उत्तर या बेरजेत आहे. सामू १२ वर जातो, पानांवर आणि घडांवर पांढरा थर राहतो, तांबे सावकाश सुटते. आणि अशा पाण्यात मॅलॅथिऑनसारखी कीटकनाशके फुटून निकामी होतात, म्हणून बोर्डोत दुसरे औषध मिसळण्याचा विचारच करू नये.

द्राक्ष आणि डाळिंबाला आम्ही चाचणीत आलेल्या आकड्यावर १० टक्के वाढ सुचवतो: ३५० आले तर ३८५ ग्रॅम. पावसात टिकून राहायला हवे अशा सुपारीच्या फवारणीला आणि खोडाला लावायच्या पेस्टला मोलाला मोलपर्यंत जावे, म्हणजे आकड्याला चार भागिले तीनने गुणावे: ३५० चे ४६७. पेस्टमध्ये पाणी शंभरऐवजी दहा लिटर असते, चुन्याचे गुणोत्तर बदलत नाही.

कालवताना

कळीचा चुना विरवताना पाणी थोडे थोडे शिंपडावे, तो फुटून भुकटी होऊ द्यावा, आणि मग सैल करावा. एकदम भरपूर थंड पाण्यात बुडवला तर वरचा पापुद्रा विरतो आणि पोटात खडे राहतात. पाणी फारच कमी पडले तर तापून जळतो आणि खरखरीत होतो. तोंड लांब, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने सलग धूत राहून डॉक्टरांकडे जावे. मोरचुदाच्या पाण्यालाही हीच काळजी.

कृतीत "चुन्याची निवळी" असा शब्द येतो, त्याने फसगत होते. वरचे नितळ पाणी म्हणजे लिटरमागे १.७ ग्रॅम चुना. एक किलो मोरचुदाला असे १३० लिटर लागेल. घ्यायचे ते दुधासारखे पांढरे, ढवळलेले पाणी, मलमलच्या फडक्यातून गाळून. गाळणीवर राहिलेले खडे तोलून तेवढा चुना भरून द्यावा.

मोरचूद ५० लिटरमध्ये, चुना ५० लिटरमध्ये. मोरचुदाचे पाणी चुन्यात ओतावे, ढवळत; किंवा दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात. वर दिलेल्या छोट्या चाचणीत आपण उलटे करतो, ते फक्त मोजण्यासाठी. पिंपात चुना मोरचुदावर ओतला तर साका जाड, दाणेदार येतो, लवकर खाली बसतो आणि पानाला नीट चिकटत नाही. दोन्ही पाणी थंड हवीत. नुकता विरवलेला गरम चुना लगेच वापरला तर साका काळपट पडू शकतो, कारण उष्णतेने कॉपर हायड्रॉक्साइडचे काळे ऑक्साइड होते.

भांडी प्लॅस्टिकची, लाकडी किंवा मातीची. लोखंडी पिंप आणि जस्ताची बादली तांबे स्वतःवर ओढून घेतात, आणि भांड्यालाही भोके पडतात.

कालवलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे. ताजा साका जेलीसारखा बारीक असतो, ठेवल्यावर त्याचे स्फटिक होतात आणि चिकटपणा जातो. वेगवेगळे ठेवले तर मात्र मोरचुदाचे पाणी कितीही दिवस राहते, आणि चुनाही वर बोटभर पाणी ठेवून झाकला तर राहतो. पंप साध्या पाण्याने धुवून, मग थोड्या शिर्क्याच्या पाण्याने नोझल आणि जाळी धुवावी. चुन्याचा थर नुसत्या पाण्याने जात नाही.

एका वेळी जास्त बोर्डो लागणाऱ्या बागाईतदाराने यातले काय विकत घ्यावे? खड्यांचे निळे मोरचूद, आतून प्लॅस्टिक असलेल्या सीलबंद पिशवीतली विरवलेल्या चुन्याची भुकटी, ०.१ ग्रॅमचा काटा आणि सामू पट्ट्यांची एक डबी. नवी पिशवी उघडली की १० ग्रॅमची चाचणी करावी आणि मिलीलिटरचा आकडा खडूने पिशवीवरच लिहून ठेवावा.